देवाला फडक्यातून ऐकू येतं

लातूर जिल्हा झाला आणि आम्ही नांदेड सोडून लातूरला आलो. कारण होतं शिपाई. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नवे शिपाई, आणि शिपाई म्हटला की त्याला गणवेश लागणारच, असा माझ्या वडिलांचा विचार. बाबा शिवणकाम करायचे. आम्ही जातीनं शिंपी नाही. ख्रिस्ती शाळेत बाबांना एक तर सुतारकाम शिका नाहीतर शिवणकाम, असं सांगितलं होतं. सुतारकामाच्या रांगेत गर्दी होती म्हणून ते दुसऱ्या रांगेत उभे राहिले.

बाबांचा अंदाज बरोबर निघाला. शिपाई आले. फक्त पाऊस आला नाही. नव्या जिल्ह्याला साहेब मिळाले, जीपगाड्या मिळाल्या, पाट्या मिळाल्या. पाणी मात्र जुन्याच विहिरींत होतं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तेही राहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात बाबा खोकू लागले. तेव्हा सगळं लातूरच खोकत होतं, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. रस्त्यावर धूळ, घरात धूळ, मशीनच्या तेलातसुद्धा धूळ. संध्याकाळी बाबांच्या अंगात कणकण यायची. ती उन्हाची, असं आई म्हणायची. मग तिनं त्यांची पँट कमरेत आत घेतली, आणि थोड्याच दिवसांनी परत आत घेतली. आमच्या घरात माणूस वाळला की ते आधी कपड्यावरून कळायचं. दुसऱ्यांदा शिवण उसवताना आई थांबली, सुई भिंतीवरच्या कॅलेंडरात खोचली आणि बाबांना दवाखान्यात घेऊन गेली.

क्षय निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, सुया लिहून दिल्या, माझे आणि आईचे छातीचे फोटो काढायला लावले. आमचे फोटो स्वच्छ निघाले. मग त्या बाबांना म्हणाल्या, "थुंकी साफ येईपर्यंत तोंडाला कापड बांधा. नाक आणि तोंड दोन्ही. तुम्हाला त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यांना आहे."

बाबांनी दुकानात येऊन मलमलीचं कापड काढलं, तीन पदर घेतले, चार नाड्या लावल्या. नाकाशी कापड उचलतंय म्हणून तिथं चुणी घातली. आरशात बघितलं, उसवलं, पुन्हा शिवलं. फडकं असलं तरी फिटिंग पाहिजे, असं त्यांचं मत होतं. अशी चार-सहा फडकी शिवून त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि एक बांधून गिऱ्हाइकाची वाट बघत बसले.

रस्त्यावर त्या दिवसांत कुणीही उघड्या तोंडानं फिरत नव्हतं. धुळीसाठी जो तो रुमाल, गमजा, पदर गुंडाळायचा. त्यामुळं बाबांचं फडकं पहिले दोन दिवस कुणाला दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे आप्पा आले. ते लिंगायत, किराणा मालाचे व्यापारी, कपाळावर भस्म आणि गळ्यात लिंग. त्यांना शर्ट शिवायचा होता.

"मास्तर, धूळ तर रस्त्यावर हाय," आप्पा म्हणाले. "तुमी सावलीत बसून कशापायी बांधलाव?"

"मला टीबी झालाय आप्पा. औषध चालू हाय. तुमाला लागू नये म्हणून बांधलंय."

आप्पांनी खुर्ची दोन हात मागं घेतली.  मग म्हणाले, "समोरच्या शेठजींकडं त्यांचे महाराज येतेत, तेबी तोंडाला पट्टी बांधतेत. हवेतल्या जीवजंतूला इजा होऊ नये म्हणून. तसं?"

"हाव, तसंच," बाबा म्हणाले. "फक्त जीवजंतूच्या जागी तुमी."

आप्पांनी ते मान हलवून मान्य केलं आणि शर्टाचं कापड लांबूनच मेजावर ठेवलं. बाबांनी माप घेतलं नाही. माप घ्यायचं म्हणजे माणसाच्या गळ्याशी तोंड न्यावं लागतं. त्यांनी सगळ्यांनाच जुना शर्ट मापाला आणायला सांगितलं. त्या हंगामात ज्यांची पोटं सुटली होती त्यांचे गणवेश घट्ट झाले, पण बाबांना सांगायला कुणी जवळ आलं नाही.

घरात भांडण फडक्यावरून नव्हतं, पाण्यावरून होतं. फडकं रोज उकळून घ्यायचं होतं. आई म्हणायची, "माणसाला प्यायला न्हाई आन् तुमच्या फडक्याला रोज आंघोळ." बाबांनी पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, साबणाच्या थोड्या पाण्यात बुडवा आणि दिवसभर कडक उन्हात टाका, निदान दोन दिवसांआड तरी उकळा. ऊन आमच्याकडं भरपूर होतं. त्याला टँकरची वाट बघावी लागत नव्हती. मग आमच्या दोरीवर फडक्यांची रांग लागायची आणि टँकरकडं जाणाऱ्या बाया विचारायच्या, "घरात बाळ हाय का?" आई म्हणायची, "हाय, मोठं हाय."

राहिला रविवार. बाबांचा आवाज मोठा होता. आमच्या छोट्या मंडळीत गीत तेच उचलायचे. ढोलकी, टाळ आणि बाबा, एवढ्यावर उपासना चालायची. डॉक्टरीणबाईंनी गाणं बंद सांगितलं होतं. बाबा शनिवारी पाळकांकडं गेले, फाटकाबाहेरच उभे राहिले आणि विचारलं, "मी येऊ का नको?"

पाळक तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. या प्रसंगाचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "या. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकू."

बाबांनी तसंच केलं, पण आधी दारात उभे राहून सगळ्यांना काय झालंय ते सांगितलं. तेव्हा टीबी कुणी सांगत नसे. मेलेल्या माणसाचासुद्धा सांगत नसत. मी बाकावर बसून आईच्या चपलेकडं बघत होते. ती अंगठ्यानं फरशी उकरत होती. पहिल्या बाकावरचे एक म्हातारे, मंडळीतले सगळ्यांत जुने, उठून उभे राहिले.

"देवाच्या दारात तोंड झाकून उभं राहायचं?" ते म्हणाले. "तोंड झाकायला सांगितलं ते महारोग्याला, जुन्या नियमात. ओठ झाकायचा आन् अशुद्ध हाय अशुद्ध हाय म्हणून वरडायचं. प्रभू आला आन् त्यानं त्याच रोग्याला हात लावला. तू परत जुन्या नियमात चाललास का?"

 सगळी मंडळी थांबली. ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवले.

"प्रभूनं हात लावला, बराबर हाय," बाबा शेवटी म्हणाले. "पण त्या गोष्टीत मी प्रभू न्हाई. मी तो रोगी हाय. रोग्यानं शेजाऱ्यावर प्रेम कसं करायचं, एवढंच बघायलोय."

म्हातारे खाली बसले. त्यांना पटलं असं नाही, पण पुढचा मुद्दा आठवेना. पाळकांनी त्या दिवशीचा उपदेश गुंडाळून ठेवला आणि शेजारी म्हणजे कोण यावरच बोलले. चांगलं बोलले. बाबा बाहेर कडुनिंबाखाली मांडीवर ताल धरून बसले होते. गीत कुणाला वरच्या पट्टीत उचलता आलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ते जसंतसं पार पाडलं. प्रभुभोजनाचा प्याला एकच असायचा, सगळे त्यातूनच घ्यायचे. बाबांचा वेगळा गिलास शेवटी खिडकीतून दिला. घरी येऊन आईनं तो उकळला. त्यालाही पाणी लागलंच.

अशात मला स्थळ आलं. मुलगा उमरीला शाळेत मास्तर, आईबाप मुदखेडला. बाप रेल्वेतून रिटायर. दर शुक्रवारी त्यांच्या घरी प्रार्थना व्हायची. आजारी माणसांच्या डोक्यावर हात ठेवून ते प्रार्थना करायचे आणि लोह्यापासून लोक यायचे. औषध हे विश्वास कमी असलेल्यांसाठी, असं त्यांचं म्हणणं होतं. चष्मा मात्र ते वापरत.

मुलाचा फोटो मी बघितला होता. कान जरा मोठे होते. बाकी मला बरा वाटला.

आई बाबांना म्हणाली, "एक दिवस काढा ते. न्हाईतर धुळीचं म्हणून सांगा."

"बघतो," बाबा म्हणाले. बघतो म्हणजे नाही, हे आईला लग्नापासून माहीत होतं. तिनं त्यांची खुर्ची उचलून ओसरीच्या पार टोकाला ठेवली आणि पाहुण्यांच्या खुर्च्या आत खोलीत.

पाहुणे बसनं आले, नांदेड, लोहा, अहमदपूर करत. भुवयांपर्यंत पांढरे झालेले. हात-पाय धुवायला आम्ही तिघांत एक तांब्या दिला आणि त्यांनी तो समजुतीनं वापरला. मी मुरमुऱ्याचा सुशीला आणि चहा घेऊन गेले. मुलाच्या वडिलांनी बशी हातात घेतली आणि उघड्या दारातून बाबांकडं बघितलं.

"धूळ लई हाय न्हाई?" आई घाईनं म्हणाली.

"धुळीचं न्हाई," बाबा ओसरीवरून म्हणाले. "टीबी हाय. इलाज चालू हाय. तुमाला आधी कळवायला पायजे होतं, पण हिनं कळवू दिलं न्हाई."

खोलीत सुशीला चावल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. मी ट्रे धरून उभी होते. ट्रे घेऊन आत जावं की उभं राहावं हे कुणी सांगत नव्हतं. मला वाटलं, गेलं हे स्थळ, आणि आता कळलेली गोष्ट इथून उमरीपर्यंत जाईल. 

मुलाचे वडील उठले आणि ओसरीवर गेले. "काढा ते," ते म्हणाले. "मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. विश्वास असला की कापडाची गरज न्हाई."

"प्रार्थना करा," बाबा म्हणाले. "मला पायजेच हाय. पण फडकं राहू द्या. देवाला फडक्यातून ऐकू येतं."

त्यांनी हात ठेवला. प्रार्थना लांब झाली. दुष्काळ, लातूर जिल्हा, रेल्वे आणि बाबांची छाती, सगळं त्यात आलं. प्रार्थना खरी होती.  बाबांनी फडक्यातून आमेन म्हटलं.

"आता काढा."

"डॉक्टरीणबाईंनी थुंकी साफ येईपर्यंत सांगितलंय."

"डॉक्टर मोठा का देव मोठा?"

"देवच मोठा. पण समजा तुमची प्रार्थना लागू व्हायला चार दिवस लागले, तर त्या चार दिवसांत तुमच्यावर खोकायचा मला काय अधिकार?"

 मुलाचे वडील आत येऊन बसले आणि उरलेला सुशीला संपवला.  मुलानं मला एकच प्रश्न विचारला, "फडक्याला आत किती पदर आहेत?" त्याच्या वर्गातली दोन-तीन लेकरं सारखी खोकायची, हे मला पुढं कळलं. मी म्हणाले, तीन. एवढंच आमचं बोलणं झालं.

मुलाची आई माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली. पाणी प्यायली, पदर तोंडाला लावून खोकली, आणि चुलीजवळ उकिडवी बसली. तिच्या चोळीच्या दोन्ही कुशींत शिवण आत घेतलेली होती, एकदा जुन्या दोऱ्यानं आणि एकदा नव्या.

"तुझ्या बापाला आधी काय होत होतं गं?" तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं. संध्याकाळची कणकण, खोकला, वजन. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "थुंकीचं बडकं कुठं तपासतेत?" मी दवाखाना सांगितला. खुंटीवरचं एक न वापरलेलं फडकं काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते घडी करून बटव्यात ठेवलं, तंबाखूच्या डबीखाली. बाहेर हाक आली तशी उठली आणि जाताना माझा हात दाबला. तिचा हात गरम होता.

कळवतो म्हणून ते गेले. आम्ही समजलो काय ते. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही, पण फडकी उन्हात घालत होती.

पंधरवड्यानं मुलगा आणि त्याची आई परत आले. सोबत वडील नव्हते. त्याच्या आईला मी पुढं आत्याबाई म्हणू लागले; त्या आत्याबाईंच्या तोंडाला मी दिलेलं फडकं होतं. घरी त्यांनी सांगितलं होतं, मुलगी नीट बघितली नाही, परत बघायची. आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. मुलगा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत्याबाईंच्या थुंकीतही टीबी निघाला.  मुलगा म्हणाला, "शुक्रवारी बाया लेकरं घेऊन येतात आमच्याकडं. आई त्यांना मांडीवर घेते."  मी म्हणाले, "आता कळलं ना."

ठरलं असं की आत्याबाईंनी उमरीला मुलाच्या खोलीवर राहायचं, त्याच्या जेवणाचे हाल होतात असं घरी सांगून. सुया उमरीचा कंपाउंडर देणार होता. तपासणीला मात्र त्यांना लातूरच पाहिजे होतं, कारण नांदेडला ओळखीचं कुणी तरी भेटणारच. मग दर महिन्याला मुदखेडला निरोप जायचा की मुलगी अजून एकदा बघायची आहे. मला त्या वर्षात जितकं बघितलं तितकं लातुरात दुसऱ्या कुठल्याही मुलीला बघितलं नसेल. आमच्या गल्लीत माझ्याबद्दल वाईट वाटायचं. आप्पांनी एकदा बाबांना विचारलं, "एवढं काय बघतेत? पोरगी तर धडधाकट हाय." बाबा म्हणाले, "बघू द्या. त्यांची तब्येत सुधरायलीय."

बाबांची थुंकी साफ आली. फडकं सुटलं. पहिल्या दिवशी त्यांना चेहरा उघडा ठेवायची लाज वाटत होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मुलाचे वडील एकटे आले. पायरीवर बसले, आत येईनात. न सांगता ते उमरीला गेले होते. मुदखेडच्या मळ्यांत त्या वर्षी जी काही मोगऱ्याची फुलं उरली होती, ती बायकोसाठी पानात बांधून नेली होती. दार उघडलं तर ती फडकं बांधून भाकरी थापत होती.

"फुलं तिनं घेतली," ते बाबांना म्हणाले, "पण मला उंबऱ्यावरच थांबवलं. म्हणे, तुमी इतकी वर्षं माझ्यासाठी प्रार्थना करायलाव, मला तशी मोठ्यानं करता येत न्हाई. मला हे बांधता येतंय. हीच माझी प्रार्थना समजा."

बाबा त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी रोज तिच्या डोक्यावर हात ठेवायचो मास्तर. ती माझ्या तोंडावर खोकायची. मला वाटायचं, सैतान निघायलाय." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तिनं तुमच्या पोरीला सांगितलं. मला सांगायचा तिला धीर झाला न्हाई. असा कसा मी माणूस?"

आई आतून पाणी घेऊन आली. त्या दिवसांत पाहुण्याला अर्धा गिलास द्यायची रीत पडली होती. आईनं भरून दिला.

"तुमी स्वतःला तपासून घेतलं का?" बाबांनी विचारलं.

"मला काय झालंय?"

"तेच तर तपासतेत."

ते दोघं दवाखान्यात गेले. मुलाच्या वडिलांना काही निघालं नाही. त्यांनी श्रेय प्रार्थनेला दिलं. डॉक्टरीणबाई नशीब म्हणाल्या. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी सुया घेतल्या, मला काय विचारता." शुक्रवारची प्रार्थना मुलाच्या वडिलांनी घरातून उठवून अंगणात, मोकळ्या हवेवर नेली. खोकणाऱ्याला आधी दवाखान्याचा रस्ता सांगायचे, मग डोक्यावर हात ठेवायचे. उमरीच्या कंपाउंडरसाठीही प्रार्थना होऊ लागली. तो आर्यसमाजी होता. त्याची हरकत नव्हती.

आमचं लग्न पुढच्या वर्षी झालं. तोवर आत्याबाईंची थुंकीही साफ आली होती आणि चोळी एका शिवणीनं सैल करावी लागली होती. पाऊस तेव्हाही नव्हता. चर्चमध्ये पाळकांनी वचनं घेतली, अंगठ्या झाल्या, आणि सासऱ्यांनी आशीर्वादाची प्रार्थना मागून घेतली. ती लांब होणार हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना मध्यावर आली असेल, तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. दोन दिवसांनी आला होता. मागच्या बाकावर हालचाल झाली, मग मधल्या, मग चपलांचा मोठा आवाज. मी डोळे उघडले नाहीत. नवरीनं उघडू नयेत.

आमेन झालं तेव्हा चर्चमध्ये पाळक, आम्ही दोघं, सासरे, बाबा आणि पहिल्या बाकावरचे म्हातारे एवढेच उरले होते. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. सासऱ्यांनी रिकाम्या बाकांकडं बघितलं.

"टँकर आला का?" ते म्हणाले. "मग तुमी का थांबलाव? जेवणावळीला पाणी लागतंय की."

आम्ही गेलो. आत्याबाई रांगेत दोन घागरी घेऊन उभ्या होत्या. एक त्यांनी माझ्या हातात दिली. बायांनी मला नवरी म्हणून पुढं सोडलं.